अनुसयाबाईचा डोंगरमुक्काम

एकोणीसशे पंचावन्नच्या पावसाळ्यात खापरच्या चुनीलाल गुजराच्या घरात मुदतीचा ताप शिरला आणि त्याची बायको अनुसयाबाई पार वाळून गेली. ताप उतरला, पण पायांत जीव उरला नाही. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, घरचं सगळं थोरली जाऊ सिंधुबाई बघायची. अनुसयाबाईने तो सबंध हिवाळा मागच्या ओसरीवर खाटेवर पडून काढला. तिथून परसाची भिंत दिसायची, भिंतीपलीकडे कपाशीचं वावर आणि त्याच्याही मागे सातपुड्याची पहिली टेकडी. पडल्या पडल्या तिच्या मनात येई, लग्न होऊन आपण इथे आलो त्याला केवढी वर्षं झाली, आणि हा डोंगर जवळून कसा आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

वैद्याने सांगितलं, थोडं थोडं चालत जा. थोडं थोडं हे अनुसयाबाईच्या स्वभावात नव्हतं. भिंत धरून ती परसात गेली, मग काठी धरून विहिरीवर. काठी गावच्या होळीला जाणारी माणसं ढोल घेऊन गावावरून गेली तेव्हा ती शेताच्या बांधावर उभी होती, आणि हातात टेकायला काही नव्हतं.

टेकडीकडच्या पाड्यावरची शांतीबाई बाजाराच्या दिवशी लाकडांची मोळी आणि चारोळी घेऊन खापरला यायची. पाणी प्यायला तिचा थांबा यांच्याच अंगणात. अनुसयाबाईने तिला एकदा विचारलं, "हाई चारोळी कोठे सापडस तुले?"

शांतीबाई हसली. "चाल, दखाडस."

तिने ते गमतीत म्हटलं असावं. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच दळण, पाणी, भाकरी आटोपून अनुसयाबाई फडक्यात भाकर बांधून पाड्याच्या वाटेला लागली. उन्हं चढायच्या आत दोघी टेकडीच्या पलीकडे उतरल्या. तिथे एक ओढा होता. वैशाखातही एका डोहात त्याचं पाणी टिकून होतं, आणि डोहावर मोहाचं थोराड झाड वाकलेलं. चारोळीची काळी पडलेली फळं दोघींनी झाडाखाली बसूनच खाल्ली आणि बिया ओच्यात ठेवल्या. टेंभुर्णीची पिवळी फळं अनुसयाबाईने पहिल्यांदाच झाडावरून तोडून खाल्ली. गर दातांना चिकटला, बोटं चिकट झाली. मग तिने पाय डोहात सोडले आणि कितीतरी वेळ ती तळाचे गोटे बोटांनी चाचपत राहिली. कोणी हाक मारत नव्हतं, कोणाला वाढायचं नव्हतं. संध्याकाळी ओचा भरून ती घरी आली तेव्हा तिचे हात काट्यांनी ओरबाडले होते आणि चेहरा उन्हाने रापला होता.

घरात बोलणं व्हायचं ते झालंच. तिचे जेठ, सिंधुबाईचे यजमान शांतीलाल, ओसरीवर येऊन उभे राहिले. धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत, म्हणून आईकडे बघून म्हणाले, "माय, लहानीले सांग. गुजरनी बाई डोंगरमा भटकस, हाई बरं दिसत नही. लोके काय म्हनतीन?"

अनुसयाबाई दाराआड होती. पदर कपाळाखाली ओढून तीही सासूलाच म्हणाली, "आत्या, त्यासले सांगा, घरनं काम आटोपीसन जासू. पन जासू."

सासू धनुबाईने दोघांकडे पाहिलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकलंच होतं.

नवरा चुनीलाल मितभाषी माणूस. रात्री जेवताना त्याने एवढंच विचारलं, "तठे काय शे तुन्हं?"

"काहीच नही," ती म्हणाली. "म्हनीसनच जास."

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की जाऊन लगेच परतायचं म्हणजे दुपारचं ऊन डोक्यावर घ्यायचं. त्यापेक्षा डोहावरच मुक्काम करावा. तिने सिंधुबाईला तयार केलं. सिंधुबाई नवऱ्याला भ्यायची, पण माहेरी जातानासुद्धा बैलगाडीच्या बाहेर न पडलेल्या त्या बाईला डोह बघायची हौस फार. शांतीबाईचा म्हातारा बाप आमशा जवळच झोपडीत शेळ्या राखायचा, म्हणून सोबतीचीही काळजी नव्हती. शांतीबाईसह तिघींनी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यात कणकेच्या बट्ट्या भाजल्या. वरची राख झटकून, फोडून, तूप घालून त्या डाळीबरोबर खाल्ल्या. आमशाने त्यांना ताडाची कोवळी फळं सोलून दिली. मोहाखाली गोधड्या अंथरून बायका आडव्या झाल्या, आणि उजाडलं तेव्हा सिंधुबाईचा पहिला प्रश्न होता, "आखो कदी येवानं?"

तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, त्या तिघी डोहावर असताना टेकडीच्या वरच्या अंगाला वणवा लागला. वारं खाली वाहत होतं, गवत हाताने चुरलं तर पीठ होईल इतकं वाळलेलं. धूर दिसला, पाठोपाठ तडतड ऐकू आली. सिंधुबाई ओढ्याच्या उताराने पळायला लागली, पण अनुसयाबाईने तिचा दंड धरला.

"बाबा झोपडीमा शे. आपुन जाशूत, तो कशा जाई?"

आमशाला काठीशिवाय उठता येत नव्हतं. अनुसयाबाईने तिथल्या तिथे कामं वाटून दिली. शांतीबाई आणि सिंधुबाईने म्हाताऱ्याला दोन्हीकडून उचलून ओढ्यातल्या खडकावर नेलं आणि शेळ्या सोडल्या. अनुसयाबाईने स्वतःची गोधडी डोहात बुडवली, ओलीचिंब ओढत झोपडीच्या वरच्या अंगाला नेली आणि पुढे सरकणाऱ्या गवताच्या ज्वाळांवर आपटायला सुरुवात केली. गोधडी जड, पाय भाजत होते, डोळ्यांतून पाणी. सबंध हिवाळा खाटेवर पडलेल्या याच आपल्या तंगड्या, असा विचार तेव्हाही तिच्या मनात आला, आणि ती आणखी जोराने आपटत राहिली. शांतीबाई परत आली ती पळसाची ओली फांदी घेऊन. मग सिंधुबाईही आली, रडत रडत, पण आली. तिघींनी झोपडीपुढची पट्टी विझवली. बाकीची आग दोन्ही बाजूंनी खाली उतरली आणि ओढ्याच्या दगडगोट्यांत मरून गेली. छपराचा एक कोपरा तेवढा जळला.

अनुसयाबाईचा उजवा तळवा भाजला होता, एक भुवई गेली होती. गावात बातमी तिच्या आधी पोचली. शांतीलाल ओसरीवर वाटच बघत होते.

"माय, इचार तिले. आते झायं ना मन भरीसन?"

अनुसयाबाई थकली होती. पदर ओढायला हात वर होत नव्हता, म्हणून तिने पाठ फिरवली आणि म्हणाली, "आत्या, सांगा त्यासले. हात बरा व्हयना का जासू."

सिंधुबाई चुलीपुढे बसून आमशाला कसं उचललं ते सासूला सांगत होती, आणि शांतीलाल दारातून ते ऐकत उभे राहिले.

हात पुरता बरा व्हायचीही अनुसयाबाईने वाट पाहिली नाही. मृगाच्या आत तिने फडकं बांधलेल्या हाताने पीठ मळलं. बाहेर चुनीलालने गाडी जुंपली. ती बघत राहिली तेव्हा तो बैलांकडे तोंड करून म्हणाला, "तुम्ही तठे बट्ट्या खाशात. माले आठे कोन देई?" गाडीत त्याने आमशाच्या छपरासाठी बांबू आणि गवताच्या पेंढ्या घातल्या होत्या. टेकडीला वळसा घालून ते पोचले, आणि ते छप्पर शाकारून झाल्यावर तो डोहात उतरला आणि लहान मुलासारखा डुंबत राहिला. अनुसयाबाईने त्याला इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर वैशाखातला मुक्काम चुकला नाही. साठ साल उलटेपर्यंत गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या. धनुबाई एकदा गाडीत बसून आली आणि बट्टी कच्ची राहिली म्हणून दोन्ही सुनांना बोलली. आमशा गेला, त्याच्या झोपडीत शांतीबाईचा भाऊ गोवाल राहायला आला. शांतीलाल मात्र कधी आले नाहीत. पण एका वर्षी सिंधुबाईचा गुडघा सुजला आणि ती नको म्हणायला लागली, तेव्हा त्यांनीच गडी पाठवून गाडीत गवताची गादी करवली.

"बस," ते बायकोला म्हणाले. "लहानी वाट दखी ऱ्हायनी."

अनुसयाबाई खरोखरच वेशीवर उभी होती, डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन. गाडीत जागा होती, तरी ती चालतच पुढे निघाली.