भवानीचं उघडं पोट

तुमच्या घरातलं कुणी स्वतःच्या अंगावरचे केस उपटायला लागलं, तर तुम्ही त्याला पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून याल का? नाही ना? मग मांजरीच्या बाबतीतच एवढी घाई का?

मी कासार आंबोलीला खोली घेऊन राहते. घरमालकीण मावशी मागच्या खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतात. त्यांच्या मांजरीला धड नाव नाही. दुधाच्या पातेल्याजवळ सापडली की ती ‘भवाने’, उंदीर धरला की ‘माजी बाय’. गेल्या हिवाळ्यात भात झोडून झाल्यावर या भवानीनं पोट चाटायला सुरुवात केली. मग मांड्यांची आतली बाजू, मग शेपटीच्या बुडाशी दातांनी केस उपटणं. बघता बघता ती खालून सोललेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. एका पाहुणीनं तिला पाहिलं आणि जेवण होईपर्यंत पाय खुर्चीवरून खाली सोडले नाहीत.

मावशींनी निकाल दिला. “खरूज हाय ही. समद्या घराला लागंल. शनवारी नवं पाव्हणं येत्यात, त्याच्या आत पोत्यात घालून लवासाकडं सोडायची.”

“तिथं ती राहील कुठं?”

“तितं बंगलं मोकळंच पडल्यात. एकादा बळकावंल. माणसांना जमलं न्हाई, मांजराला जमंल.”

पोतं अशासाठी, की रस्ता दिसला तर मांजर परत येते. आमच्याकडची ही जुनी रीत. आरोपपत्र नाही, वकील नाही, थेट तडीपारी. मी चळवळीतल्या घरातली, पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी जेवताना ताटाखाली जुनी पत्रकं असत आणि वरण सांडलं की जनतेच्या मागण्या पिवळ्या होत. त्यामुळे मला कारण लगेच दिसलं: पलीकडच्या बंगल्यातला दर शनिवारचा डीजे. भवानी तणावाखाली होती! ‘मुक्या जिवांच्या झोपेवर घाला घालणाऱ्यांनो’ अशा मथळ्याचं पत्रक मी पौडला छापून आणलं आणि बंगल्याच्या फाटकात खोचलं. दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात सापडलं, तेलकट. निदान भज्यांनी तरी ते वाचलं असावं.

मावशींचा उपाय जास्त थेट होता. शेळीच्या खरजेला लावतात ते करंजाचं तेल त्यांनी भवानीच्या पोटाला चोळलं. भवानीनं ते सगळं चाटून काढलं, ओकली आणि पुन्हा चाटायला बसली.

“बग, कशी चाटतीया! गुण आला म्हन.”

“मावशी, ती तेल चाटतेय.”

“मंग काय झालं? आतनंबी लागंल.”

शुक्रवारी सकाळी मावशींनी पोतं झटकून दारात ठेवलं. मी त्याच्यावर जाऊन बसले. सुनावणीशिवाय शिक्षा नाही. आधी डॉक्टर, मग काय ती हद्दपारी.

“तुजं त्वांड बंद हुनार असंल, तर म्या दिल्लीलाबी यीन,” मावशी म्हणाल्या. भवानी त्याच पोत्यातून जनावरांच्या दवाखान्यात गेली, वाटभर घोषणा देत.

डॉक्टरबाईंनी पोटावरून बोट फिरवून वास घेतला. “काय लावलंत हिला?”

“करंजाचं त्याल. शेळ्यांना लई गुण येतो.”

“मांजर शेळी नाही, मावशी. ती सगळं अंग चाटून साफ करते. तुम्ही लावाल ते तिच्या पोटात जातं. हे आधी धुवायचं.”

मग त्यांनी कातडी जराशी खरवडून तपासली. खरजेचे किडे नव्हते. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवली, तर मिरपुडीसारखे काळे कण निघाले. त्यांनी पांढरा कागद मागितला. माझ्या पिशवीत उरलेली पत्रकंच होती. एकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी कण टाकले आणि वर पाण्याचे थेंब सोडले. भोवती तांबूस डाग पसरले.

“पिसवांची विष्ठा. म्हणजे हिचंच रक्त. काही मांजरांना थोड्या पिसवा चावल्या तरी अंगभर आग होते, मग त्या चाटत सुटतात.”

“आणि डीजे?” मी विचारलं. एवढ्या लवकर मुद्दा सोडणं बरं नव्हे.

“धास्तीनंही मांजरं केस उपटतात. पण आधी खाज बघायची, दुखणं बघायचं, मग मनापर्यंत जायचं. घराजवळ जनावरं बसली होती का?”

“मेंढरं बशिवली हुती की शेतात, खतासाटी,” मावशी म्हणाल्या. “ही भवानी तितंच पेंढ्यात निजायची.” आणि लगेच पदर खोचला. “मंग त्या धनगरालाच इचारते!”

मी उभी राहिले. “मावशी, लेंड्या आपण मागून घेतल्या. पिसवा काय त्याच्या मेंढरांना सोडतात?”

“व्हय गं बाई. बस खाली. भाषण नगं.”

डॉक्टरबाईंनी मानेवर टाकायचं मांजरांचं औषध दिलं. मावशींकडे एक कुत्राही आहे, त्याला त्याचं वेगळं. पेंढा उन्हात पसरायचा, गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या. “पण कुत्र्याचं किंवा शेळ्यांचं औषध हिला लावू नका. जीव जाईल.” मावशींनी भवानीला पोत्यात न घालता पदराखाली घेतलं.

शनिवारी पाहुणे आले, तेव्हा मावशी दारातच उभ्या. “तिला हात लावू नगा. औषद चालू हाय. किळस येत आसंल तर खोलीत बसा.” पाहुणे पिशव्या उचलून आत गेले. होळीच्या सुमारास भवानीच्या पोटावर मऊ लव आली. बंगल्यातला डीजे अजून वाजतो. तो लढा वेगळा.

आता तुमच्याकडे एक मागणं. आज तुमच्या मांजरीला मांडीवर घ्या, शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा आणि निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबडं उतरलं तर पिसवा आहेत. नाही उतरलं आणि तरी केस जात असतील, तर खाज, दुखणं की धास्ती, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तिच्यावर ओरडू नका, घरचं काही चोळू नका. दवाखाना उघडला की तिला घेऊन जा.