फ्लेक्सशी उभा दावा

झाशीत खंडेराव गेटजवळ मृदुला बापटचं साउंडचं दुकान आहे. तोंडावर तिला सगळे ‘दीदी’ म्हणतात आणि पाठीमागे ‘आँधीवाली’. उघड्यावर गाण्याचा कार्यक्रम असला की बाई आधी वाऱ्याचं बघणार, मग आवाजाचं. स्पीकरच्या मनोऱ्याच्या पायाशी पाण्याने भरलेली पिंपं, चारी बाजूंनी ताणलेले पट्टे, जमिनीत हातभर लोखंडी खुंट्या. यात तडजोड नाही. बारा वर्षांपूर्वी मऊरानीपुरच्या मेळ्यात आयोजकाच्या आग्रहापुढे ती नमली, आणि मनोरा तिच्याच पायावर आला. ती अजून लंगडते, पण नमायचं तिने तेव्हाच सोडलं.

तिचा उभा दावा आहे तो फ्लेक्सशी. मंचामागे वीस फूट उंच फ्लेक्स ताणला की त्यात वारा भरतो आणि तो अख्खा सांगाडा ओढतो, हे ती सगळ्यांना सांगून थकली. पण फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो असतो ना! पाहुण्यांचा चेहरा केवढा, यावर आयोजकाची इज्जत ठरते. आता काय बोलावं?

गेल्या मे महिन्यात मराठी मंडळाची गाण्याची संध्याकाळ होती. अध्यक्ष विद्याधर, कारखान्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब. सांगाड्याखाली समूहगानाची तीस मुलं बसायची होती. मृदुला म्हणाली, फ्लेक्स उतरवा.

“मृदुला जी, आभाळात ढगाचा ठिपका नाही. आप भी ना!” विद्याधर हसले.

“झाशीचा मे आहे, साहेब. आँधी काय पत्र पाठवून येते? फ्लेक्स राहणार असेल तर मी माझं सामान उचलते.”

साहेब लाल झाले, पण मुलांचे आईबाप ऐकत होते. फ्लेक्स उतरला. आणि त्या संध्याकाळी झाडाचं पानसुद्धा हललं नाही! लोक हसले, साहेबांनी माइकवरून टोमणा मारला, मंडळाचं काम तिच्या हातून गेलं. मृदुलाला लागलं ते. घरी येऊन रडलीसुद्धा, पण ‘माझं चुकलं’ असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

यंदा मंडळाने बिजौलीहून दुसरा साउंडवाला आणला. मृदुला छान इरकली नेसून गाणं ऐकायला गेली. मंचामागे पुन्हा फ्लेक्स, चेहरा आणखी मोठा, आणि खाली मुलं रांगेत बसलेली. बाईने आधी मुलांना उठवून बाजूला नेलं, पदर खोचला, शिडी लावली आणि वर जाऊन पहिली गाठ सोडली.

विद्याधर धावत आले. “अहो, तुमचा आज इथे काय संबंध? काम तुमच्याकडे नाही!”

“तेच तर, साहेब,” ती वरूनच म्हणाली. “गेल्या वर्षी काम माझ्याकडे होतं, म्हणून तुम्हाला विचारलं. यंदा कुणाला विचारू?”

आणि तिने दुसऱ्या गाठीला हात घातला.