गठाणींच्या गोदामातलं गाणं

बाबांचा आवाज गेला तेव्हा मी नुकतीच कमवायला लागले होते. त्यांच्या घशात गाठ झाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आई देवळात न जाणारी बाई, तीसुद्धा दवाखान्याच्या पायरीवर बसून हात जोडून रडली. पण आवाज काही परत आला नाही. उरली ती नुसती कुजबुज.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाबा फिटर होते, आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कोणाच्या बारशाला ते गायला उभे राहिले की मागच्या गल्लीतल्या बायका निवडायचं सूप घेऊनच आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. ऑपरेशननंतर त्यांनी पेटी खोळीत घालून खाटेखाली सरकवली. त्यांना बरं वाटेल म्हणून मी एकदा त्यांच्याच गाण्यांची कॅसेट लावली. ते आतून आले, टेपचं बटण दाबलं आणि म्हणाले, "नोको." एवढंच. त्यानंतर आमच्या घरात टेप वाजला नाही.

मी तेव्हा बसस्टँडसमोर एसटीडी आणि झेरॉक्सच्या दुकानात बसत होते. शेजारच्या दुकानात एक चाचा रेडिओ-टेप दुरुस्त करायचे आणि कॅसेटी विकायचे. पुढच्या काचेच्या कपाटात सिनेमाच्या, कंपनीच्या कॅसेटी. पण काउंटरखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि तिच्यातला माल वेगळा होता. गावोगावचे गाणारे-वाजवणारे लोक चाचांकडे यायचे, आपलं गाणं भरून घ्यायचे, दोन-चार कॉप्या काढून न्यायचे. एक कॉपी चाचा ठेवून घ्यायचे. त्या कॅसेटींवर ना कंपनीचं नाव, ना फोटो. चाचांच्या हातानं निळ्या पेनानं फक्त गावाचं नाव लिहिलेलं. बाबांची पहिली कॅसेटही तिथंच भरली होती.

"अब्बा आजकल क्या सुनते हैं?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, चाचा. टेप लावूच देत नाहीत."

चाचांनी जरा विचार केला, पेटीत हात घातला आणि एक कॅसेट दिली. "ये ले जा. यात त्यांच्या वळखीचं काहीच नाही. ना तर्ज, ना बोल."

ती कॅसेट कव्वालीची होती. कुठल्याशा उरुसात एका गॅरेजवाल्यानं आपल्या भावांना घेऊन गायलेली. मध्येच कोणाचा तरी खोकला, मध्येच लहान मूल रडलेलं. मी ती स्वयंपाकघरात, हळू आवाजात, जणू माझ्यासाठीच लावली. बाबा अंगणात सायकल पुसत होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. पहिली बाजू संपली तेव्हा ते दारात उभे होते.

"दुसरी बाजू लाव ना," ते म्हणाले.

तिथून आमच्या घरात गाण्यांची ये-जा सुरू झाली. चाचा रोज संध्याकाळी काहीतरी काढून द्यायचे. कोलाम आदिवासींच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, ढोल आले. ढाणकीकडच्या एका बँडवाल्याची कॅसेट आली. कापसाला भाव नाही म्हणून त्या सालात लग्नं पुढं ढकलली जात होती, बँडवाले बसून होते. त्यानं घरी बसल्या बसल्या एकट्यानं क्लॅरिनेट वाजवून भरलं होतं. वरातीत ठणाणा करणारं ते वाद्य एकटं असलं की इतकं हळवं बोलतं, हे मला तेव्हा कळलं. यवतमाळच्या कॉलेजातल्या पोरांनी गिटार घेऊन वऱ्हाडीत गायलेली कॅसेटही आली. त्यात एक गाणं एसटीच्या खिडकीवर होतं. बाबांनी टेप मागं घेऊन ते परत ऐकलं. मग म्हणाले, "पोरं बेसूर हायत. पण खोटं नाही गाऊन राह्यले."

आई म्हणाली, "तुमच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्यापेक्षा बरे हायत." बाबा हसले. त्यांचं हसणं आता बिनआवाजाचं होतं, फक्त खांदे हलायचे. पण दवाखान्यातून आल्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मग बाबांनीच एक टूम काढली. आवडलेल्या कॅसेटीची कॉपी काढायची, पण एकाच बाजूवर. दुसरी बाजू कोरी ठेवायची आणि कॅसेट ओळखीच्या माणसाला पाठवायची. ज्याला मिळेल त्यानं कोऱ्या बाजूवर आपल्याकडचं काहीतरी भरून परत धाडायचं. उमरखेडला माझी मावशी होती. एसटीच्या कंडक्टरजवळ कॅसेट दिली की ती तिला पोचायची. मावशीनं तिच्या गल्लीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या भरून पाठवल्या, त्यात मागं कुकरच्या शिट्ट्या. पुसदहून कोणी भजन पाठवलं. काही कॅसेटी परत आल्याच नाहीत. त्याचं बाबांना वाईट वाटायचं नाही. "वाजत असन कुठंतरी," म्हणायचे.

अशाच एका परत आलेल्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूवर एक बाई गात होती. मागं वारा होता, शेळ्या ओरडत होत्या. भाषा गोरबोली, बंजाऱ्यांची. आम्हाला शब्द पुरते कळत नव्हते. पण ती बाई एखादी ओळ म्हणून थांबायची, जणू समोरच्याच्या उत्तराची वाट पाहते आहे, आणि मग पुढं जायची. बाबांनी ती बाजू लागोपाठ तीनदा ऐकली. मला म्हणाले, "हे कोण हाय, विचार बरं."

कंडक्टरला विचारलं. कॅसेट त्याला पुसद रस्त्यावरच्या एका तांड्याच्या फाट्यावर कोणी दिली होती. पुढच्या रविवारी बाबा आणि मी त्या फाट्यावर उतरलो.

बाई सापडायला वेळ लागला नाही. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, याडी म्हणजे आई. पन्नाशीची असेल. अंगणात शेळीला पाला टाकत होती. आम्ही गाण्यासाठी आलो हे ऐकून ती लाजली आणि आधी चहा ठेवायला आत गेली. चहा घेताना तिनं गाण्याचं सांगितलं.

त्यांच्यात लग्नानंतर सासरी निघताना नवरी गळ्यात पडून ढावलो गाते. माहेर सोडतानाचं रडगाणं. ते मुलीला आधी शिकवावं लागतं. याडीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, म्हणून ती तिला ढावलो शिकवत होती. पण दोन सालं कापूस हातचा गेला आणि दोन्ही वेळा लग्न पुढं ढकललं.

"पोरगी शिकून बसली," याडी म्हणाली, "अन् लग्नच नाही. मंग रोज घरात तिचं ते गाणं आयकून आयकून मले वाटलं, नवरी तर बोलते, पण मायनं काय म्हनावं ते कोनीच सांगितलं नाही. मंग म्या बनवलं."

"मायचा ढावलो?" मी विचारलं.

"हो." मग तिनं घराकडं एकदा पाहिलं, मुलगी आत होती, आणि आवाज खाली आणला. "लोक म्हनतात, लगन लांबलं, वाईट झालं. मी बी म्हनतो वाईट झालं. पण पोरगी आनखी दोन सालं घरात राह्यली ना. मले बरं वाटते. हे त्या गान्यात हाय. कोनाले अर्थ नका सांगू."

बाबांनी मान हलवली. मग ते हळूच म्हणाले, "याडी, हे चांगलं भरलं पाहिजे. इथं वाराच लय हाय."

तिला ते ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं. ती बाबांच्या तोंडाकडं पाहत राहिली. "भाऊ, तुमचा आवाज?"

"गेला," बाबा म्हणाले. तिनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

जागा बाबांनी शोधली. त्या हंगामात जिनिंगला माल इतका कमी येत होता की मशिनी आठवड्यातले निम्मे दिवस बंदच असायच्या. मागच्या गोदामात जुन्या, न विकलेल्या रुईच्या गठाणी, दाबून बांधलेले मोठाले गठ्ठे, छतापर्यंत रचलेल्या होत्या, भाव वाढायची वाट पाहत. चार बाजूंनी कापूस. तिथं बोललेला शब्द तोंडातून निघाला की जागीच विरघळायचा, घुमायचा नाही. बाबांनी मॅनेजरची परवानगी घेतली. चाचा त्यांचा चांगला टेप आणि माइक घेऊन आले. याडी मुलीसोबत आली, ठेवणीतली आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घालून. आणि बाबांनी खाटेखालची पेटी बाहेर काढली. आईनं खोळ झटकली आणि उन्हात घातली.

पहिल्यांदा जमलंच नाही. बाबा पेटीवर चाल धरायचे आणि याडी अडखळायची. तिचे सूर पेटीच्या पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी पडत होते. दोन-तीनदा थांबून ती म्हणाली, "भाऊ, तुमची पेटी माह्या मांगं मांगं पळून राह्यली. मले भेव वाटते."

चाचा मोठ्यानं हसले. बाबाही हसले. मग त्यांनी चाल सोडून दिली आणि एकच सूर धरून ठेवला. भाता हळूहळू हलत होता, दुसरा हात एका पट्टीवर. याडीनं डोळे मिटले. त्या सुरावर टेकून ती गायली, आणि ओळीओळीला थांबली तेव्हा तिच्या मुलीनं, कोणी न सांगता, त्या त्या ओळीला नेमके उत्तर होतील असे नवरीचे जुने बोल म्हटले. आई आणि मुलगी असा तो ढावलो पहिल्यांदा पुरा झाला. मुलीला त्यातला सगळा अर्थ आधीपासून माहीत होता, हे तेव्हाच याडीला कळलं असावं. गाणं संपल्यावर तिनं मुलीच्या पाठीत हलकी चापट मारली आणि तिला जवळ ओढलं. चाचा टेप बंद करायचं विसरले. ती चापटही भरली गेली.

त्या कॅसेटीच्या जितक्या कॉप्या निघाल्या तितक्या दुसऱ्या कशाच्या निघाल्या नाहीत. चाचांनी त्यांच्यावरही निळ्या पेनानं तांड्याचं नाव लिहिलं. बायका यायच्या, नातेवाइकांसाठी न्यायच्या. बाबा गायन पार्टीत परत जाऊ लागले, पेटी वाजवायला. गायला पुढं दुसरा मुलगा उभा राहायचा. पहिल्या दिवशी परत आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या वेळी जेवले.

याडीच्या मुलीचं लग्न पुढच्या साली झालं. आम्ही सगळे गेलो होतो. मुलगी ढावलो गायली. पण याडीनं तिचं गाणं म्हटलं नाही. वऱ्हाडाच्या जेवणाच्या गडबडीत तिला वेळच नव्हता, निदान तिनं तसं सांगितलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी ती चाचांच्या दुकानात आली. बाबा तिथंच बसले होते, मी शेजारून उठून गेले. उमरखेडच्या पलीकडं कुठल्या तांड्यात ती लग्नाला गेली होती. तिथं एका बाईनं मायचा ढावलो गायला. ती बाई याडीला ओळखत नव्हती. गाणं आपल्या आत्याचं आहे म्हणत होती.

"तुमी सांगितलं नाही, माह्यं हाय म्हनून?" मी विचारलं.

"काहून सांगू? रडून राह्यली होती बिचारी." याडी बाकावर बसली. "पण तिनं बोल बदलले. माह्या गान्यात माय म्हनते, तुह्या शेळ्या आता कोन चारन. तिनं शेळ्या काढल्या अन् शिवनमशीन घातली. तुही मशीन आता कोन चालवन, म्हने."

"मग? बरं वाटलं का?" चाचांनी विचारलं.

"तिची पोरगी शिवत असन," याडी म्हणाली. मग पिशवी मांडीवर घेतली आणि बाबांकडं वळली. "भाऊ, नवीन काय आलं? पुसदची गाडी यायले वेळ हाय."

चाचांनी काउंटरखालची पत्र्याची पेटी उघडली. बाबांनी आत वाकून पाहिलं, एक कॅसेट निवडली आणि लावली.