दिलीपच्या नावावरची कॅसेट

दिलीप गेल्याचं त्याच्या बायकोनं, शोभानं, फोनवर सांगितलं. "भावजी, हे गेले. सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागीच..." कसं, कुठं, सोबत कोण आहे, सगळं विचारून फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, की दिलीप आणि मी गेली वीस वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो, घरी पेटी वाजवायचो. दिलीप मूळचा तासगावचा. सांगलीत त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दर शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं सांगली गाठायचो, कारण त्याच्याकडं फोनच्या लाईनवर चालणारा एक खेळ होता. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली माणसं तो एकाच वेळी खेळायची आणि त्यातलं संगीतही त्या खेळाडूंनीच हौसेनं रचून पाठवलेलं. खेळात मला गती नव्हती. मी त्या चाली ऐकायला जायचो. एका फिनलंडच्या माणसाची नदी ओलांडतानाची धून तर अशी होती, की दिलीप मुद्दाम नदीतच थांबून राहायचा आणि बुडायचा.

त्या चालींची कॅसेट काढायची कल्पना त्याचीच. परवानगीचीही त्याचीच, हे मला आज नोंदवायलाच हवं. "मास्तर, नुसतं उचलायचं न्हाई. ज्याचं त्याला इचारायचं. कव्हरवर परत्येकाचं नाव पायजे." मग मी नऊ जणांना ई-मेल लिहिले, खाली माझी सही. नऊही जणांनी हो म्हटलं. चालींचा क्रम लावायला आम्हाला चार महिने लागले. दोन चालींच्या मधे मी पेटीचे तुकडे वाजवले, दिलीपनं सगळं टेपवर उतरवलं. हातानं लिहिलेल्या कव्हरांच्या कॅसेटी आम्ही सांगलीत क्लासवर आणि साताऱ्यात एका ओळखीच्या दुकानात विकायला ठेवल्या. पोरं ऐकून परत मागायला यायची. इतका आनंद मला नोकरीनं कधी दिला नाही.

पुढच्या वर्षी शाळेची सहल महाबळेश्वरला गेली. एका टॅक्सीतल्या टेपवर माझीच पेटी वाजत होती. ड्रायव्हरकडून कव्हर मागून घेतलं. छापील, चकचकीत, एका कॅसेट कंपनीचं. 'संगीत : दिलीप'. बाकी एकही नाव नाही.

मी तसाच सांगलीला गेलो. तो नजर न उचलता म्हणाला, "कंपनीवाले म्हणले, एकच नाव द्या. त्या परदेशी लोकांना हितं कोण वळखतंय, मास्तर?"

"आणि मला?"

तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला... मी उठून आलो. मग नऊ जणांना खरं काय झालं ते लिहिलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. फिनलंडवाल्यानं मात्र दोन ओळी पाठवल्या : मी तुमच्या मित्राला ओळखत नव्हतो. मी तुमच्या सहीवर भरवसा ठेवला होता. त्यानंतर मी सांगलीची एसटी धरली नाही.

ती धरली थेट दिलीपच्या पुण्यानुमोदनाला. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. त्याची मुलगी मानसी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिनं कंपनीची ती छापील कव्हरची कॅसेट टेपवर लावली आणि विचारलं, "काका, तुमी तवा सोबत होता ना? नदीची ही चाल बाबांना कशी सुचली?"

तिच्या बापाला जाऊन आठवडा झाला होता. गप्प बसणं सोपं होतं, कदाचित योग्यही. पण नावं दडवल्याचा परिणाम मी एकदा भोगला होता. मी सगळं सांगितलं. परवानगीची कल्पना त्याची होती, हेसुद्धा. ती रडली नाही. तिनं टेप बंद केला, कव्हर काढलं आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवलं. "लिवा. कुणाकुणाचं हाय ते."

नऊही नावं मला पाठ होती. दहावं माझं लिहिलं. हात दिलीपच्या नावाशी येऊन थांबला... ते खोडणं मला जमलं नाही. त्याला माफ करणंही अजून जमलेलं नाही. मानसीनं शाई वाळेपर्यंत कव्हर हातात धरलं आणि मग ती कॅसेट त्याच्या चष्म्याशेजारी, फळीवर ठेवली.