तांदळाच्या पिठाचा पखवाज

माझा उजवा पाय हलतो. आत्ता हे लिहितानाही हलतोय. टेबलावरचा चहा हिंदकळतो तेव्हाच ते मला कळतं. लहानपणी धामापूरला जेवायला बसलं, की आई वाढता वाढता डावा हात माझ्या गुडघ्यावर दाबून धरायची. बसल्या जागी पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे ती आली कधी होती, असं मी एकदा उलट विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

पुढे सगळ्यांनी माझा स्वभावच त्या पायावरून ठरवून टाकला. त्यात त्यांची फारशी चूक नाही. सावंतवाडीला नर्सिंगच्या कोर्सला गेले ती तीन महिन्यांत परतले. शिवणाचं मशीन घेतलं, त्यावरचा ब्लाउज अजून एकाच बाहीचा आहे. लग्न होऊन आचऱ्याच्या बाजूला आले, पर्यटकांसाठी दोन खोल्या रंगवायला काढल्या, त्यातली एक रंगली. "हिका एका जाग्यार बसाक जमणा नाय," नवरा आल्यागेल्याला हसत सांगतो. तो चिडून बोलत नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हणून वाडीत बायकांचं भजनी मंडळ निघालं तेव्हा मी मनाशी ठरवलं, की ही एक गोष्ट तरी शेवटाला न्यायची. आणि न्यायची तर पखवाजच. अख्ख्या भजनात ज्याच्या दोन्ही हातांना क्षणाची उसंत नसते तो पखवाजवाला, मग माझ्यासारखीला दुसरं काय शोभणार, असा माझा हिशेब होता.

शिकवायला आले ते शेजारच्या गावचे बुवा. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे माणसाकडे एकदा बघून तो कुठे उतरणार हे ओळखायची त्यांना सवय. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाच्या हातात वाद्य दिलंच नाही. देवळात प्रसादाचे नारळ खवायचे होते, आधी ते उरका म्हणाले. आम्ही सातआठ जणी आडाळे, म्हणजे आमच्याकडच्या विळ्या, घेऊन खवायला बसलो आणि बुवा खांबाला टेकून आमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

नारळ संपले तसं त्यांनी वाटप केलं. पेटी माझ्या थोरल्या जावेला. ती खवते त्या खोबऱ्यात करवंटीचा एक काळा कण सापडायचा नाही. तिचं रागावणंसुद्धा तसंच, सावकाश आणि तळापर्यंत. बाकीच्यांना टाळ. पखवाज सध्या मीच वाजवीन, असं बुवा म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"बाय, तू झांज घे. तुझो स्वभाव तसो आसा."

कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला जे आयुष्यभर ऐकू येत आलं होतं तेच पुन्हा ऐकू आलं. त्यातून झांज म्हणजे आमच्याकडे कुठलंच वाद्य न येणाऱ्याच्या हातात कोंबायची वस्तू. पखवाज मिळणार असेल तर येते, नाहीतर घरी कामं पडलीत, असं मी तोंडावर सांगून टाकलं. जाऊ पेटीआडून डोळे वटारत होती.

बुवा रागावले नाहीत. आमच्या गावात सप्ताह बसतो, सात दिवस देवळात भजन अखंड चालतं. मंडळं आपापली बारी वाटून घेतात, एकाची बारी संपायच्या आत दुसऱ्याने सूर उचलायचा, मधे नाद तुटता कामा नये. बुवांनी अट घातली ती एवढीच, "सप्त्याची बारी मधे न उठता काढलंस, तर पखवाज तुझो."

तीन महिने मी घाम गाळला. बोल पाठ व्हायला वेळ लागला नाही, हातही बरा पडायचा, पण थांबायच्या जागी मला थांबवेना आणि लय हातातून सुटायची. सुरुवात सगळ्यांबरोबर व्हायची आणि चौथ्या आवर्तनापर्यंत मी एकटीच पुढच्या वळणावर पोचलेली असायचे. "तू हो फुडे, मी तवसर भात लावन येतंय," जाऊ म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, घरी जाऊन उशीला गुद्दे घालायचे. खरं सांगायचं तर मला बसायचा कंटाळा यायचा. पण कंटाळा आला म्हणायची सोय राहिली नव्हती.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी दर वेळी कणीक लावावी लागते. ती असली तरच डावा हात घुमतो. वाजवून झालं की खरवडून टाकायची. जो वाजवणार त्यानेच ती मळायची, हा बुवांचा नियम. थोडं थोडं पाणी घेत, दाबत, ऐकत बसायचं, अर्धा तास सहज जातो. मला ती अर्ध्या तासाची शिक्षा वाटायची.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, आमची बारी होती. बायकांना नेहमी तीच वेळ मिळते, अर्धं देऊळ पेंगत असतं तेव्हाची. घर पाहुण्यांनी भरलेलं. आई धामापूरहून मुद्दाम आली होती. सगळ्यांची जेवणं आवरून मी कणीक मळायला डबा उघडला, तर गव्हाच्या पिठाचा खडखडाट. सकाळी पाहुण्यांच्या पुऱ्यांत सगळं गेलं होतं. पलीकडे जावेकडे जाऊन मूठभर मागायचं, पाच मिनिटांचं काम. पण शेजारी तांदळाच्या पिठाचा डबा काठोकाठ भरलेला होता. भाकरीचं पीठ चिकटतंच की, मी म्हटलं. गरम पाण्यात झटपट उकड काढली, मळली, थापली. घुमलीही छान. उगाच लोक गव्हाचं स्तोम माजवतात, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

देवळात आमच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. लय धावली नाही. बायकांच्या रांगेत आई पदराने वारा घेत माझ्याकडे बघत होती. तिसऱ्याच्या मध्यावर डाव्या हाताखाली काहीतरी करकरलं. वाऱ्याने पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पुढच्या थापेला त्याचा अख्खा पापडा सुटला आणि माझ्या साडीवर पडला.

पखवाजाचा डबा झाला. डाव्या बाजूने रॉकेलच्या रिकाम्या टिनासारखा आवाज यायला लागला. पेंगणारी माणसं टक्क जागी झाली, मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझा पाय उसळला. उठ आणि चालू लाग, एवढं एकच त्याला आयुष्यभर ठाऊक. नर्सिंगच्या हॉस्टेलमधून मला त्यानेच उठवलं होतं. मी जावेकडे बघितलं. तिने पेटी थांबवली नाही, फक्त सूर जरा ओढून धरला, भात उतू जायला लागला की ती जाळ कमी करते तसा. आणि मी बसून राहिले. डावा हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या उजव्या हाताने ठेका धरला. शेवटचा गजर आला, सगळ्या जणी दुप्पट गतीने गाऊ लागल्या, आणि मी एका हाताने टकटक करत त्यांच्यामागून फरफटत गेले. पुढच्या मंडळाने सूर उचलला तेव्हा कुठे मी उठले.

बाहेर विहिरीवर मी साडीवरचं पीठ धूत होते तेव्हा बुवा आले. तांदळाचं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"बारी काढलंस," ते म्हणाले. "पखवाज तुझो."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या बारीत, आणि खरं तर त्या तीन महिन्यांत, मला एकदाही मजा आली नव्हती. मला पखवाज नको होता, माझ्याबद्दल हसून बोलणाऱ्यांचं तोंड बंद करायचं होतं. सगळा राग मग बुवांवरच निघाला. नारळ खवताना माझा हात बघून तुम्ही मला उरलीसुरली झांज दिलीत ना, असं मी विचारलं.

"हात खंय बघलंय मी तुझो?" बुवा म्हणाले. "खोबरा तू कसाबसा खवलंस. मी पाय बघी होतंय. सगळे नारळ सोपासर तुझो पाय हलत होतो, नि एकदाय लय चुकलो नाय. पखवाजवालो मधे थांबता, सम येवची वाट बघता. झांजवाल्यान थांबाचा नसता. असो माणूस माका इतक्या वर्सांत गावलो नव्हतो."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून झांज काढली. तीन महिने ती त्यांनी कुणालाच दिली नव्हती. मी विहिरीच्या कठड्यावर बसून रडले, ओल्या साडीसकट. बुवा जरा बाजूला जाऊन उभे राहिले.

सांजेला बुवांच्या स्वतःच्या मंडळाची बारी होती. पखवाज त्यांनी घेतला आणि मी त्यांच्या बाजूला झांज घेऊन उभी राहिले. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. पाय हलत होता आणि हात त्याच्या मागून जात होते, एवढंच आठवतं. मधे बुवा पखवाज थांबवून समेची वाट बघत, तेव्हा देवळात फक्त माझीच झांज असायची. गजराला पेंगणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा दाराशी उभा होता. त्या दिवशी तो पाहुण्यांना काही सांगत नव्हता.

बारी झाल्यावर मी आईशेजारी जाऊन बसले. दुसरं मंडळ रंगात आलं होतं, आणि माझा पाय सुरू झाला. सवयीने आईचा हात आला आणि गुडघ्यावर दाबून बसला. मी पाय थांबवला. बुवांचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. समोर झांज वाजत होती, आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या थांबलेल्या पायाकडे. मग तिने हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"हलव गो," ती म्हणाली.