काहिलीत न बसलेला वसंता

वसंता गेल्याचा फोन मला कुणी केला न्हाई. मीच सगळ्यांना केला, आन् कुणी खरं धरलं न्हाई. जन्मभर टवाळक्या केल्याचं फळ. बोरीच्या त्याच्या मेव्हण्याला म्हणलं, "वसंता गेला हो." तर म्हणतो, "कुठं गेला, चंद्रावर का?" दुसऱ्या पाव्हण्यानं, "गणपतराव, सकाळी सकाळी आसली मस्करी बरी न्हाई," म्हणून फोनच ठेवला. मी रडायलो होतो, तर त्यांना वाटलं ह्यो रडण्याची नक्कल करायलाय. शेवटी वहिनींच्या हातात फोन दिला. ज्या बाईचा नवरा आत्ता गेला, तिलाच लोकांची खात्री पटवावी लागली... ऐन वेळेला माझं तोंड आसं कुचकामी निघालं.

मला लिहिता येत न्हाई. सही येते, ती बी कुणी घाई केली की चुकते. मी बोलायलोय आन् सूनबाई मोबाईलवर उतरून घ्यायलीय. शिव्या ती गाळायलीय, तवा मधी कुठं बोलणं तुटल्यासारखं वाटलं तर तिथं शिवी होती आसं समजावं.

वसंताचं किराणा दुकान. आमचं गाव सोनपेठच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. पुड्या बांधायला तो परभणीहून रद्दी आणायचा. एकदा त्या रद्दीत जुन्या विज्ञानकथांचा गठ्ठा आला, आन् माणूस कामातून गेला. गिऱ्हाईक समोर उभं आन् शेठ मंगळावर. पुढं पुढं तर तो गोष्टींसाठीच रद्दी आणायला लागला, आन् पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत द्यायला लागला. वाचलं की कुणाला तरी सांगावं वाटतंय. गावात रिकामा माणूस एकच, मी. शाळेचं तोंड बघितलेलं न्हाई, त्यामुळं मला सगळं खरंच वाटायचं. एकदा मी बायकोला सांगितलं की चंद्रावर माणसं अडकलीत. ती म्हणली, "तुमी बी जावा तिकडं, तेवढंच एक ताट कमी."

त्याला एकाच जातीच्या गोष्टींचा नाद. राक्षस नकोत, उडत्या तबकड्या नकोत. माणसं कुठं तरी लय लांब अडकलेली, आन् हवा न्हाई तर इंधन कमी पडायलेलं. चंद्रावर बंद खोलीत पाच जण. यंत्र बिघडलं. मदत येईस्तोवर चौघांना पुरंल एवढीच हवा. इथं वसंता थांबायचा, चष्म्यावरून माझ्याकडं बघायचा. "सांग गणप्या, काय करायचं?"

"आळीपाळीनं दम रोखायचा."

"मरतील पाची."

"मंग झोपून राहायचं. झोपल्यावर हवा कमी लागतीया."

"त्ये धरूनच गणित मांडलंय."

"मंग खिडकी उघड की लेका!"

तेल न्यायला आलेली बाई फिस्सकन् हसली. वसंता हसला न्हाई. म्हणला, "बाहेर हवाच न्हाई रे. चंद्राला तुझी दया येत न्हाई. त्याला कुणाचीच येत न्हाई." मला लिहिणाऱ्याचाच राग आला. म्हणलं, "त्याच्याच हातात हाय ना? एक डबा हवा जास्त लिहिली तर त्याच्या बापाचं काय जातंय?" तवा वसंता म्हणला, "डबा हाय तवर सगळेच चांगले असत्यात, गणप्या. डबा संपल्यावर कोण कसा हाय त्ये कळतंय." मला तवा काय कळलं न्हाई. मी शेंगदाण्याची मूठ भरून घेतली आन् घरी गेलो.

मंग एका वर्षी गंगेला पूर आला. आमी गोदावरीला गंगाच म्हणतो. वसंताचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, नदीच्या पार जवळ. सोयाबीनचं पोतं उचलायला मी त्याच्यासंग गेलो होतो. दुपारनंतर पाणी आसं चढलं की आखाड्याचं बेट झालं. वर स्लॅबवर आमी पाच जण: वसंता, मी, त्याचा सालगडी, सालगड्याची बायको आन् त्याची म्हातारी आई. दिवस कलताना गावातला सोपान काहील घेऊन आला. काहील म्हणजे गूळ करायची लोखंडी कढई, गाडीच्या चाकाहून मोठी. पुरात आमच्याकडं तीच नाव. वल्हवणारा धरून चार माणसं बसत्यात, पाचवं हाडकुळं आसलं तर जमतंय. त्याच्यावर एक शेळी बी चालत न्हाई.

म्हातारी, सून आन् सालगडी बसले. पाणी काठापासून चार बोटं राहिलं. सोपान म्हणला, "वसंतशेठ, तुमी या. अंधार पडायलाय, धार वाढायलीय, दुसरी खेप आता सकाळीच." माझ्याकडं त्यानं बघितलंच न्हाई. बघून काय करणार? मी तवा बी क्विंटलाच्या घरातला माणूस. माझ्या एकट्यात दोन वसंते बसले आसते.

मी डोकं चालवायला लागलो. म्हणलं, "मी काठ धरून पोहत येतो."

"तू काठ धरला की काहील पालथी."

"मला दोरीनं बांधून वढ."

"धारंत तूच आमाला वढून नेशील, गणपतराव."

म्हातारी उतरायला लागली. "माझं काय राहिलंय, त्याला न्या," म्हणायली. सोपाननं हात जोडले, "आजी, तुमी उतरून बी ह्ये धूड मावत न्हाई." खरं सांगतो, तेवढ्यात बी मला हसू आलं... म्हातारी जीव द्यायला तयार, आन् माझं पोट ऐकायला तयार न्हाई.

वसंता तिथंच उभा. मी त्याला ढकलायलो होतो, "बस की मेल्या! लेकरं हायत तुला." तर तो सोपानला म्हणला, "जा तू. सकाळी ये." काहील सुटली. मी त्याला लय शिव्या दिल्या. इथं सूनबाईनं सगळंच गाळलंय. म्हणलं, "तू थांबल्यानं माझं वजन कमी झालं का? पाणी कमी झालं का?"

"न्हाई."

"मंग काय झालं थांबून?"

"काई न्हाई," वसंता म्हणला. "पाणी त्याचं त्ये करंल. आपण नुसतं दोघं असू."

पाणी स्लॅबच्या खाली हातभर येऊन थांबलं. सकाळी सोपान आला. मी गावभर सांगितलं की गंगामाय वसंताची दोस्ती बघून थांबली. वसंता चिडायचा. "उगं कायबी सांगू नको. वर पाऊस थांबला म्हणून पाणी थांबलं. चढलं आसतं तर दोघं गेलो आसतो."

यंदा त्याची फुप्फुसं वाळली. परभणीच्या डॉक्टरनं फोटो बघितला आन् म्हणला, आता घरी न्या, ऑक्सिजनचं मशीन लावा, जवर चालंल तवर चालंल. मी ऐकतो व्हय! जिंतूरहून एका वैदूचा काढा आणला, तो आधी मीच पिऊन बघितला आन् दोन दिवस शेतातच मुक्काम केला. मंग कुणी म्हणलं धूप घाला. धूप घातला, वसंता गुदमरला, वहिनींनी मला झाडणीनं बाहेर काढलं. मंग म्हणलं मोठं मशीन आणू, म्हैस विकतो. दोन श्वासांच्या मधी वसंता म्हणला, "गणप्या... आता खिडक्या उघडू नको. बस."

मी बसलो. सुंभाच्या बाजेवर, त्याच्या पायाकडं. मंग रोजच बसायला लागलो. तो बोलायचा कमी, मीच बडबड करायचो. माझ्या वजनानं बाज माझ्याकडं झुकायची आन् तो हळूहळू घसरत यायचा. मी त्याला काखेत धरून वर सरकवायचो. लेकरासारखा हलका झाला होता.

त्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या वरातीची गोष्ट सांगत होतो, घोडी माझ्या वजनानं मारुतीच्या पारासमोर खालीच बसली ती. ह्या गोष्टीला तो हटकून हसायचा. हसला न्हाई. मला वाटलं सांगायला चुकलो. म्हणून पहिल्यापासून पुन्हा सांगितली, घोडीचं खिंकाळणं बी करून दाखवलं. वहिनी दूध घेऊन आल्या, भांडं खाली ठेवलं, म्हणल्या, "भाऊजी... थांबा आता."

परवा वहिनी म्हणत होत्या, बाज ढिली झालीय, सुंभ काढून पुन्हा विणून घेते. मी बघितली. उशाकडं, जिथं वसंता महिनोन् महिने पडून होता, तिथं सुंभ तसंच ताठ हाय, कुणी झोपलंच नव्हतं आसं. पायाकडं मात्र हा एवढा खड्डा. मी म्हणलं, "वहिनी, सगळं घर आवरा, पण एवढी बाज राहू द्या."

त्या म्हणल्या, "भाऊजी, ह्यांची आठवण म्हणून ठेवायची, तर खड्डा तुमचा हाय."

"माझाच हाय," म्हणलं. "पण घसरत तो त्याच्यातच यायचा."