केरूच्या मागून आलेली हरिणी

"उद्या सकाळी हरनाच्या शिकारीला या, मानसं कमी पडतायत," असा व्हॉइस मेसेज केरू धुमकने आमच्या ग्रुपवर टाकला आणि अबुधाबीतल्या रुवैसच्या आमच्या कॉलनीत खळबळ उडाली. माझा वेदांग तर किंचाळलाच, "आई, हंटिंग इज इल्लीगल हिअर! वी विल ऑल गेट डिपोर्टेड!" मी फोन करून केरूला झापलं, तेव्हा कळलं की हरीण मारायचं नव्हतं, धरायचं होतं. पण रानात माणसं रांगेने निघाली की केरूच्या लेखी ती शिकारच.

केरू मूळचा गुहागरकडचा. रुवैसबाहेरच्या वाळूत एका अरबाचा मोठा मजरा आहे, म्हणजे फार्म. तिथे तो जनावरांचं चारापाणी बघतो. गणपतीत आमच्याकडे ढोलकी वाजवायला येतो, तेव्हापासूनची ओळख. माणूस प्रेमळ, पण बढाईखोर, आणि बढाई कशाची, तर स्वतःच्या आवाजाची. गावाकडे पूर्वी रानडुकरांसाठी हाकारा निघायचा. माणसं रांग धरून ओरडत रान उठवायची, पुढे बंदूकवाले दबा धरून बसायचे. हाकाऱ्यातल्या प्रत्येकाला मटणाचा सारखा वाटा. "वहिनी, माजी आरोळी आयकली की डुकर थेट बंदुकीसमोर," असं तो मला दर गणपतीत सांगतो. मीही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

मजऱ्यावर रीम आहेत, आपल्या चिंकाऱ्याची वाळूच्या रंगाची भावंडं. थंडीत ती मोकळ्या वाळूत हिंडतात. उन्हाळा लागायच्या आत त्यांना सावलीच्या गोठ्यात आणायचं असतं. माणसं लांबच लांब कापड भिंतीसारखं धरतात आणि सावकाश पुढे सरकतात. कापडापलीकडचं दिसत नाही म्हणून हरणं सहसा त्याच्या अंगावर जात नाहीत, गोठ्याच्या दाराकडे वळतात. बोलायचं मात्र अजिबात नाही, कारण उन्हात भेदरून धावलेलं हरीण त्या धावण्यानेच मरू शकतं. तिथली जनावरांची डॉक्टर मुनिबा हे सगळ्यांना बजावून सांगते.

आदल्या आठवड्यात कळप अगदी दारापाशी येऊन थबकला, मागे वळू लागला, आणि केरूचं रक्त उसळलं. त्याने गावाकडची आरोळी ठोकली. कळप आत घुसला खरा, पण एक नर कुंपणाशी कोसळला तो पुन्हा उठला नाही. एक हरिणी कापडावरून उडी मारून निसटली. मेलेल्या नराशेजारी बसून मुनिबा एवढंच म्हणाली, "केरू भाई, ये तुम्हारी आवाज़ से मरा है."

आता प्रश्न त्या एकटीचा होता. बाहेरच्या जमिनीवर रस्त्याचं काम सुरू व्हायचं होतं, कुंपण निघणार होतं, आणि पलीकडे ट्रकांची अखंड रांग. मुनिबाने एकच सकाळ दिली होती. "आज नहीं तो खलास. गर्मी में मैं इसको दौड़ाने नहीं दूँगी."

आम्ही पोहोचलो तेव्हा केरूने तोंडावर पंचा करकचून बांधला होता. "डोकं दुखतंय का रे?" माझ्या नवऱ्याने, निखिलने विचारलं. पंचा खाली ओढून केरू म्हणाला, "माजाच माजेवर भरवसा नाय, सायेब." आणि पुन्हा बांधला. मला हसू आलं.

आम्ही कापड धरलं आणि निघालो. वाळू थंड होती. हरिणी लांबवर दिसली, इतकी फिकट की नजर हलली तर हरवेल. ती चालायची, थांबायची, वळून बघायची. दार जवळ आलं तशी ती अडली. आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, पोट भात्यासारखं हलत होतं. आता ही धावणार आणि मरणार, असं वाटून मी डोळेच मिटून घेतले.

उघडले तेव्हा केरू खाली बसला होता. आपल्या बाजूचं कापड त्याने वाळूवर सोडून दिलं होतं. रांगेला खिंडार! आठवडाभर जिच्यासाठी नीट जेवला नाही, तिलाच हा माणूस रस्ता देत होता. मुनिबानेही कापड खाली ठेवलं. हरिणी त्याच्या बाजूने रांगेमागे निघाली आणि एका खुरट्या झुडपाशी जाऊन थांबली. झुडपाखाली वाळूचाच एक गोळा हलला. पाडस होतं! तिने त्या दिवशी उडी का मारली, ते तेव्हा आम्हाला कळलं.

माणसाचा वास लागू नये म्हणून मुनिबाने केरूला हातमोजे दिले. त्याने पाडस अलगद उचललं, छातीशी धरलं आणि दाराकडे चालू लागला. पाडस बारीकसं ओरडलं. हरिणी लांब पळाली. मग थांबली. मग त्याच्या मागे निघाली.

जन्मभर जनावर पुढे आणि आपण मागे, अशी सवय असलेला तो माणूस पुढे चालत होता. मागे वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. एवढं भित्रं जनावर, माणसाच्या पावलावर पाऊल टाकत आपणहून येत होतं. मी देवळातही कधी इतकी गप्प उभी राहिलेले नाही.

ती आत गेली. दार लागलं. केरूने पंचा सोडला तेव्हा तो पार ओला झाला होता.

चहाच्या वेळी त्याने आईला, तानुबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना वाटतं, लेक तिकडेही हाकाऱ्यालाच जातो. "गावली काय रं? वाटा किती आला?" त्यांनी विचारलं.

केरूने फोन गोठ्याकडे वळवला.

"वाटा नाय गो, आये," तो म्हणाला. "पन ती आली. मी आवाज नाय केला, तरी आली."